धाकटी शेवटी

दि. २ मार्च

चि. बिट्टीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे की, पत्र बघून दचकू नकोस, आई आहे. तुमच्या डोंगरावरच्या बिनतारी यंत्रावर वाऱ्यापावसाच्या आकड्यांखेरीज काही बोलायला परवानगी नाही, आणि असती तरी आपण दोघी तिसऱ्या मिनिटाला भांडतो. पत्रात निदान तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

आई जेवत नाही. आज नववा दिवस. झटक्याने उजवी बाजू गेली, वाचा गेली, नजर इतकी अंधूक झाली की माणूस नुसता हलताना दिसतो. एवढं होऊनही ती दोन वेळा वाटीभर सूप घेत होती. मी प्रत्येक वाटीवर तिच्या बरणीतला वाळक्या पानांचा चुरा घालायचे, डेपोच्या कँटीनमध्ये ती प्रत्येक पातेल्यात घालायची तोच. नऊ दिवसांपूर्वी, शुक्रवारी, बरणी संपली. दुपारी तुझं रजा रद्द झाल्याचं कार्ड तिला वाचून दाखवलं, तेव्हा चांगली होती. संध्याकाळी चुऱ्याशिवाय सूप दिलं तर तिने दात घट्ट मिटले, ते अजून उघडलेले नाहीत. कापूस भिजवून पाणी पाजते, आणि झोपेत असली की चार चमचे दूध चोरून आत जातं.

बरणीच्या झाकणात आतून चिकटवलेला कागद सापडलाय. वाचून हसू आलं आणि मग डोकं दुखलं. आईने एकाही पानाचं नाव लिहिलेलं नाही, सगळी सासरची माणसं लिहिली आहेत. सासूबाई अर्धा चमचा, बारीक कुटून, नाहीतर घशात टोचतात. मामंजी दोन, बरणीत नुसते ठेवावे, ताटात येऊ देऊ नयेत. थोरले भावजी तीन चमचे. जाऊबाई दोन. वन्सं एक, कडू आहेत पण लागतात. आणि धाकटी, शेवटी. टोचणाऱ्या सासूबाई म्हणजे रोजमेरी आणि मामंजी म्हणजे तमालपत्र, एवढं मला कळलं. बाकीचं तू सांग. शाळा सुटली की तू कँटीनच्या स्वयंपाकघरात असायचीस, मी तेव्हा औषधांच्या दुकानात नोकरीला लागले होते.

आईचं वजन एक्केचाळीस किलो आहे. उलट टपाली लिही. लोभ करायला आत्ता सवड नाही, तो आहे असं समजून चाल.

तुझी,
ताई


दि. ६ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. जीप तासभर थांबते, तेवढ्यात लिहिते. मी खरोखर वाकले असते तर आधी पाठ सरळ ठेव म्हणून ओरडली असतीस, म्हणून साष्टांग कागदावरच घे.

थोरले भावजी म्हणजे ओरेगॅनो. घरात शिरले की सगळ्यांच्या आधी त्यांचाच आवाज. जाऊबाई म्हणजे थाईम, पानं इवलीशी आणि काड्या फार, त्या निवडून टाकायच्या. वन्सं म्हणजे सेज, ती मऊ लवेची राखाडी पानं. धाकटीचं मला आठवत नाही.

पण ताई, वासाच्या फार मागे लागू नकोस. सूप चांगलं गरम दे, मिरी जरा जास्त घाल, पुदिन्याचं पाणी देऊन बघ. जिभेला झोंबेल किंवा गार लागेल असं काही. आणि एक सांग. माझं कार्ड वाचलंस तेव्हा तिने काही केलं का? दात मिटते तेव्हा तोंड कुठल्या बाजूला फिरवते?

रजेचं जमत नाही. माझ्या जोडीदाराच्या पायाला प्लास्टर आहे, दुसरा माणूस मिळेपर्यंत मी एकटी. खालच्या धरणाचे दरवाजे आमच्या आकड्यांवर उघडतात. केंद्र सोडून पळता येत नाही. रोज तीनदा पर्जन्यमापक बघते आणि रोज तीनदा शून्य लिहिते.

तुझा लोभ सवडीने पाठव, मी वाट बघते.

तुझी,
बिट्टी


दि. ९ मार्च

चि. बिट्टीस,

आशीर्वाद, वि. वि. विशेष म्हणजे तुझी मिरी मी घातली. आई ठसकली, डोळ्यांतून पाणी आलं, पण गिळलं काही नाही. कार्डाचं काय घेऊन बसलीस? वाचल्यावर ते तिने खुणेने मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. तोंड दाराकडे फिरवते. खिडकीतून ऊन येतं, त्याचा त्रास होत असेल म्हणून मी पडदा लावला, तरी दाराकडेच.

मी आता पद्धतशीर बसले आहे. दुकानातला लहान काटा मालकांना विचारून घरी आणला. आधी मोठी चूक केली होती. चमच्याला मी ग्रॅम समजत होते, आणि चमच्याने दोन नि वजनाने दोन यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सेजचा चमचा फुगून दिसतो आणि काट्यावर ठेवला तर काहीच भरत नाही, उलट कुटलेली रोजमेरी अर्ध्या चमच्यात जड होते. म्हणून पहिल्या मिश्रणात वन्संनी सगळ्यांना गिळून टाकलं, औषधासारखं कडू. दुसऱ्यात ओरेगॅनो जुना निघाला, चोळला तरी वास नाही, नुसती धूळ. तिसरं मला स्वतःला आवडलं, पण ते आईचं नव्हतं. सगळ्यात काहीतरी राहतंय. कडू आहे, तिखट आहे, आणि मध्ये एक भोक आहे.

ते भोक म्हणजे धाकटी. मला वाटतं ही आपली काकू. सासरचीच सगळी आहेत, म्हणजे धाकटी जाऊ. काकू गोड बोलायची आणि नंतर ते बोलणं मनात टोचत राहायचं. असं पान कोणतं? पार्सली, पुदिना, शेपू, मरवा, चारही आणून ठेवलेत.

डॉक्टरीणबाई काल येऊन गेल्या. चाळीस किलो. म्हणाल्या, अडतीसच्या खाली गेली तर महिनाअखेर वॉर्डात न्यायचं आणि नाकातून नळी घालायची. आई डाव्या हाताने सगळं उपसून टाकते, सलाईनसुद्धा, म्हणून तो हात पलंगाला बांधावा लागेल. एवढाच एक हात तिला उरलाय. बिट्टी, मी रोज लोकांना औषधं देते, मला या गोष्टी माहीत आहेत, तरी ते ऐकून मी जिन्यात जाऊन बसले.

लवकर आठव. तुझ्यावर माझी भिस्त आहे हे लिहायची वेळ आली, बघ.

तुझी,
ताई


दि. १३ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. शेवटी मरवा पडायचा, एवढं खात्रीने आठवतं. हिरव्या पत्र्याच्या डब्यात असायचा, झाकण घट्ट, ते मी दाताने उघडायचे आणि बोलणी खायचे. कुटायचा नाही, बाकीची पानं मिसळून झाल्यावर वरून चुरायचा. तुझं ते भोक त्याने बुजेल. रोजमेरीचा टोचरेपणा आणि सेजचा कडूपणा यांच्या मध्ये तो जाऊन बसतो आणि दोघींना बोलतं करतो. मिश्रण केल्यावर एक दिवस झाकून मुरू दे, लगेच चाखू नकोस.

पण काकूचं मला पटत नाही. काकूचं नाव निघालं की आई विषय बदलायची, तिला बरणीत कशी घेईल? त्या कागदावर धाकटीबद्दल नेमकं काय लिहिलंय ते अक्षर न गाळता उतरवून पाठव. तू नुसतं शेवटी एवढंच कळवलंस.

तीन अर्ज केले. वरून उत्तर आलं की प्रयत्न चालू आहेत. इथे वारा मोजायची फिरकी दिवसभर कुरकुरते आणि मी तिच्याशी बोलते, इतकं झालंय. आईचं वजन प्रत्येक पत्रात लिही. वाचवत नाही, तरी लिही.

आहे तेवढ्या लोभात धरून ठेव.

बिट्टी


दि. १६ मार्च

चि. बिट्टीस,

आशीर्वाद. एकोणचाळीस.

मरव्याने भोक बुजलं, हे खरं. पाऊण ग्रॅमने, एक ग्रॅमने, सव्वाने, असं करत अकरा बाटल्या झाल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, तारीख, प्रमाण. आठवी बाटली उघडली तेव्हा मला डेपोचं स्वयंपाकघर समोर दिसलं, जिन्यावर खालचा शिलाई मशीन दुरुस्तीवालाही वर बघायला लागला. मला वाटलं, सुटलो. अर्धा दिवस रजा टाकली, सूप केलं, वरून चुरा घातला, वाटी आईच्या नाकाशी धरली. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. पाण्याची वाटी धरावी तसं. चमचा ओठाला लावला तर मान दाराकडे.

मग माझा तोल गेला. मी तिचं तोंड बोटांनी उघडायला गेले. सूप तिच्या गळ्यावर सांडलं, तिने डाव्या हाताने मला ढकललं आणि वाटी भिंतीवर गेली. मी तिला वाटेल ते बोलले. म्हटलं, मरायचंय का तुला? असं आईला विचारलं मी. नंतर मी तिचा गळा पुसत होते आणि ती अजून दाराकडेच बघत होती.

तो मजकूर उतरवते. आधी सगळा लिहिला नाही, कारण मला तो काकूला मारलेला टोमणा वाटला. असं आहे: धाकटी, शेवटी. हाताने. तिला मोजायचं नाही. ती नसेल तर थांबावं.

आता यात काय मोजायचं नाही? मी सगळं मोजलं. मला दुसरं काही येत नाही.

ताई


दि. २० मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र बसून वाच. आईने माझ्याकडून शपथ घेतली होती, ती आज मोडते.

आईला वास येत नाही. तो मोठा ताप आला होता ना, मी सात वर्षांची असताना, आठवडाभर ती उठली नव्हती, तेव्हापासून. कँटीनमध्ये कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी काढलं असतं. गॅस सुटला तरी कळत नाही, दूध नासलं तरी कळत नाही, अशी स्वयंपाकीण कोण ठेवेल? बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. म्हणून शाळा सुटली की मी तिथे. तू सगळ्यांना सांगायचीस की बिट्टी आईच्या पदराला चिकटलेली आहे. मी तिचं नाक होते, ताई. दूध मी हुंगायचे, मांस मी हुंगायचे, आणि चुरा करताना सगळं चमच्याने घालून झालं की आई पातेलं माझ्यापुढे ठेवायची. मी मरव्याची मूठ घ्यायचे, वास बघत बघत तळव्यांत चोळायचे आणि मला बरं वाटलं की थांबायचे. कधी चिमूट, कधी दोन मुठी. शाळेत मार पडला असेल तर जास्त. ते मोजणार कोण?

धाकटी म्हणजे काकू नाही. धाकटी म्हणजे मी.

मी बाविसाव्या वर्षी ही नोकरी घेतली. पुढच्याच महिन्यात चाळीस ड्रायव्हरांना आंबलेलं सूप गेलं आणि आईने वय झालं म्हणून काम सोडलं असं तुला सांगितलं. तू मला फोनवर म्हणालीस की तू गेलीस आणि आई खचली. मी फोन आपटला, कारण ते माझ्या मनातलंच होतं आणि तुला त्याचं कारणही माहीत नव्हतं.

तुझ्या अकरा बाटल्यांबद्दल वाचत होते आणि गप्प होते. पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. वाटलं होतं, तिखट-गरमावर भागेल. माफी मागायलाही तोंड नाही. ती चुऱ्यासाठी अडलेली नाही. मी येणार होते, रजा रद्द झाल्याचं ते कार्ड आलं, आणि तिने वाट बघायला सुरुवात केली. नसेल तर थांबावं, असं तिनेच लिहून ठेवलंय. ती थांबली आहे.

मी उपडं खोकं घेऊन तिच्या गुडघ्याशी बसायचे. चोळून झालं की हात तिच्या गालांना पुसायचे, दोन्ही गालांना, ती ओरडेपर्यंत. मग ती पहिला घोट घ्यायची. बदली माणसाचा पत्ता नाही. आज जीपच्या मागे पळाले होते, वळणापर्यंत, आणि परत आले. साडेपाचचा आकडा द्यायचा होता.

बिट्टी


दि. २३ मार्च

बिट्टी,

अडतीस किलो तीनशे ग्रॅम.

अकरा बाटल्या मी मोरीत ओतल्या. एकवीस वर्षं तुम्ही दोघींनी मला बाहेर ठेवलंत. मी त्याच घरात जेवत होते, पगार आणून आईच्या हातात देत होते, आणि मला कोणी सांगितलं नाही की आईला वास येत नाही. तिच्या वाढदिवसाला मी दर वर्षी अत्तर आणायचे. ती ते नाकाशी धरून डोळे मिटायची. का गं?

त्या कागदावर सासूबाई आहेत, मामंजी आहेत, तू आहेस. मी नाही. तीनदा बघितलं, मागच्या बाजूनेही.

ये. मला तुझ्याशी भांडायचं आहे, ते पत्रात होत नाही. कशीही ये.

ताई


दि. २८ मार्च

चि. बिट्टीस,

आशीर्वाद, वि. वि. आई जेवली. आधी हे वाच, मग बाकीचं.

सोमवारी नर्सबाई पट्टे घेऊन आल्या, हात कसा बांधायचा ते मला दाखवायला. मऊ कापडाचे होते, पण पट्टेच. त्या गेल्यावर मी तुझं पत्र परत काढलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं, तुझ्याकडे तेव्हा घड्याळ नव्हतं. बोलण्याआधी घसा खाकरायची माझी सवय आहे, म्हणून ठरवलं की तोंडच उघडायचं नाही. मी नेहमी उभ्याने भरवते, वरून. त्या दिवशी एक लाकडी खोकं उपडं घातलं आणि तिच्या गुडघ्याशी बसले. माझे गुडघे कडकड वाजले, पंचेचाळिशी जवळ आलेली धाकटी मी. डब्यातला मरवा मुठीत घेतला. काटा शेजारीच होता, त्याच्याकडे बघितलं नाही. किती चोळला ते मला सांगता येणार नाही. चुरा तिच्या डाव्या हातावर पडत होता आणि तिचं तोंड दाराकडून हळूहळू खाली वळलं. मग मी दोन्ही तळवे तिच्या गालांना पुसले.

तिने तोंड उघडलं, बिट्टी. चार चमचे. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी. काल पूर्ण वाटी. आज डॉक्टरीणबाईंनी काटा दोनदा तपासला, अडतीस चारशे. नळी पंधरा दिवस पुढे गेली.

आता जे लिहिते ते फक्त तुलाच लिहू शकते. काल वाटी संपल्यावर तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि झटक्यानंतर पहिल्यांदा काहीतरी बोलली. नुसतं बि. तेवढंच, दोनदा. मी मान हलवली. सहा वर्षं तिचं सगळं मी करते आहे, न्हाऊ घालण्यापासून नखं कापण्यापर्यंत, आणि ती जगतेय ते तुझ्या नावाने. मला राग येत नाही असं नाही. पण ती जेवते ना, म्हणून रोज खोक्यावर बसते, आणि सोमवारपासून तिच्या खोलीत घड्याळ घालून किंवा घसा खाकरत गेलेच नाही.

तू येऊ नकोस, असं एक वाक्य मी लिहिलं होतं, ते खोडलंय, उजेडात धरलं तर दिसेल. तू आलीस तर तिच्यापुढे दोन बिट्ट्या होतील, आणि मग तिला कळेल की पहिली खोटी होती. परत दात मिटले तर? माझ्यात आता तेवढी ताकद नाही.

अजून एक. जेवून झालं की ती पुन्हा मान दाराकडे फिरवते आणि तशीच राहते. पोट भरलं, बिट्टी मिळाली, आता आणखी काय हवंय तिला, मला कळत नाही.

तुझ्याच नावाने वावरणारी,
ताई


दि. ३१ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. जीप उभी आहे, घाईत लिहिते. जोडीदाराचं प्लास्टर निघालं, तो गुरुवारी वर येतोय. त्याच जीपने मी खाली.

खोडलेलं वाक्य वाचलं. बरोबर होतं तुझं. तरी येते. आल्यावर मी लगेच आईपुढे जाणार नाही, तू म्हणशील तेव्हा जाईन.

पण त्या दाराचं मला कळलं, आणि तुला कळलं नाही याचं रडू आलं. तू सोमवारपासून आईच्या खोलीत फक्त बिट्टी म्हणून जातेस. घड्याळ काढून, घसा न खाकरता. तिला वास येत नाही आणि दिसत नाही, तिने माणसं ओळखायची कशावरून? रोज सहा वाजता दार उघडून, खाकरून, औषध घेतलंस का म्हणून दटावणारं माणूस आठ दिवस घरात आलेलं नाही. बिट्टी आली आणि ताई नाहीशी झाली, तिच्या लेखी. ती तुझी वाट बघते आहे. तू कागदावर नाहीस, कारण तो कागद कोण काय घालतं याचा आहे, आणि तू कायमच घरात होतीस, तुला लिहून ठेवायचं तिला सुचलंच नसेल.

तर गुरुवारपर्यंत एवढं कर. भरवून झालं की खोकं बाजूला ठेव, हात धू, घड्याळ घाल. खोलीच्या बाहेर जा आणि दार ओढून घे. थोडं थांब. मग दार नेहमीसारखं उघड, चांगलं मोठ्याने खाकर, आणि आत ये.

तुझी,
बिट्टी